आवडेल ते खा

१

घरात कुणी उपाशी असलं की प्रणिताचा जीव थाऱ्यावर नसायचा. मग तो नवरा असो, लेक असो, नाहीतर मधल्या खोलीतल्या काचेच्या पेटीत वेटोळं घालून पडलेला अजगर असो. सकाळी डबे भरून अमोलला डोलवीच्या कंपनीत शिफ्टला धाडलं, मनस्वीला शाळेत पिटाळलं, की तिचे पाय आपसूक त्या पेटीकडे वळायचे. खाल्लं का मेल्यानं? नाही खाल्लं.

जनावर हर्षदचं. हर्षद म्हणजे अमोलचा धाकटा भाऊ, रोह्याला एका केमिकल कंपनीत कामाला. तिथल्या भाड्याच्या खोलीत त्यानं हे ध्यान पाळलं होतं. घरमालकिणीनं एकदा खिडकीतून डोकावून पाहिलं आणि त्याच दिवशी दोघांचंही बिऱ्हाड रस्त्यावर आणलं. तेव्हा पेटी, दिवा आणि अजगर टेम्पोत घालून तो पेणला, खाडीकडच्या आपल्या घरी परतला आणि रोज मोटारसायकलवरून रोह्याला जा-ये करू लागला. अजगर परदेशी जातीचा. मनगटाएवढा जाड, अंगावर तपकिरी-काळे डाग. विष नाही, फुसकारणं नाही, चावणं नाही. नुसते खाण्याचे नखरे. घर बदलल्यापासून त्यानं तोंडात कणभर काही घेतलं नव्हतं.

हर्षदनं काय कमी केलं होतं? मेलेले पांढरे उंदीर आणून फ्रीझरमध्ये ठेवले, तेही वहिनीच्या कोळंबीला खेटून, आणि त्यावरून शिव्या खाल्ल्या. ते उंदीर गरम पाण्यात सोडून उबदार केले, चिमट्यात धरून त्याच्या नाकासमोर नाचवले. पेटीवर चादर टाकली, दिव्याची ऊब वाढवली, लपायला फुटकं मडकं पालथं घातलं. जनावर आपलं मान फिरवून गप्प. शेवटी रोह्याच्या दुकानदारानं सल्ला दिला की जिवंत देऊन बघा, हलतंय म्हटल्यावर धरील.

२

जिवंत म्हटल्यावर घरात ठिणगी पडली. मेलेलं काय घालायचं ते घाला, पण धडधडतं काळीज असलेला जीव माझ्या पोरीच्या डोळ्यांदेखत त्याच्या तोंडी द्यायचा नाही, असं प्रणितानं बजावलं. हर्षदची बाजूही खोटी नव्हती. तो म्हणाला, उंदरावर दया करता, मग हे मुकं जनावर डोळ्यांसमोर झिजतंय त्याचं काय? एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला मारावंच लागतं, कुणाला ते फक्त आपण ठरवायचं.

सासू, धोंडुबाई, पायरीवर बसून मिशेरी लावत होती. तिनं तिथूनच टोला हाणला. "आनि जित्या चिंबोऱ्यांच्या नांग्या कडाकडा मोडतंस, तवा कुटं जाते गो तुजी दया?"

चिंबोरी मोडायला प्रणिता गावात एक नंबर होती. 

हर्षद पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक जिवंत पांढरा उंदीर घेऊन आलाच. मनस्वीनं त्याचं नाव ठेवलं पिठ्या, कारण तो पिठात लोळून आल्यासारखा दिसायचा. पिठ्याला पेटीत सोडलं. सगळे काचेला नाक लावून बघत राहिले. पिठ्यानं मडक्याला चक्कर मारली, अजगराच्या पाठीवर चढला आणि तिथंच बसून मिशा साफ करू लागला. जनावर मडक्याच्या आणखी आत सरकलं. मनस्वी हसून हसून लोळली. हर्षद मात्र पेटीजवळून हलला नाही. भुकेल्या उंदराला अजगराजवळ एकटं सोडायचं नसतं, तो उलट अजगरालाच कुरतडतो, असं त्यानं सांगितलं. म्हणजे ज्याला खायचं त्याच्यापासूनच खाणाऱ्याची राखण करायची! प्रणितानं कपाळाला हात लावला.

३

आता धोंडुबाईबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण चूक तिची झाली. बाई वाईट नव्हे. जन्म मिठागरात पाय भाजून काढलेला, आणि म्हातारपणी हमरापूरकडच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायची. अलीकडे हात कापतात म्हणून तिला मोठं काम देत नसत. साच्यातून निघालेले छोटे उंदीर घासायचे, रंगवायचे आणि एकेका देवाच्या पायाशी चिकटवायचे, एवढंच तिच्याकडे. त्या उंदरांना ती 'मामा' म्हणायची. 

त्यांच्या गावात पावसाआधी बांधाला राखण द्यायची रीत. भरतीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध, त्यावर जे कोणी राखणदार आहे त्याचं पोट भरायचं. गावचा जाणता माणूस कोंबडं पुढं धरून मोठ्यानं सांगतो: हा कोंबडा तुझा, हा नारळ तुझा, येवढंच तुझं, बाकी सगळं आमचं. काय द्यायचं ते नाव घेऊन सांगायचं, आणि बाकीचं आपलं म्हणून राखून ठेवायचं. हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

जनावराची पाठ हाडावर आली तेव्हा धोंडुबाईला राहवलं नाही. दारी आलेला जीव उपाशी मेला तर घराला लागतं, असं तिचं मत. रविवारी तिन्हीसांजेला तिनं पेटीपुढं नारळ ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. पिठ्या पेटीत होताच. "बाबा म्हाराजा, हा..." इतकं म्हणून ती अडखळली. देवाचं वाहन. दिवसभर ज्याला रंगवायचं, त्याचंच नाव घेऊन खा म्हणून सांगायचं? जीभ रेटेना. मग पाहुण्याला म्हणतात तसं ती म्हणाली, "घर तुजंच समज. या घरात हाय त्यातलं आवडंल ते खा, पन उपाशी ऱ्हाऊ नको."

'बाकी आमचं' म्हणायचं राहून गेलं. प्रणिताच्या ते ध्यानात आलं होतं, पण अजगराशी कसली आलीय राखण म्हणून ती हसली आणि भाकऱ्या थापायला गेली. पिठ्यानं रात्रीत काही वेडंवाकडं करू नये म्हणून हर्षदनं आपली वळकटी मधल्या खोलीत, पेटीला लागून अंथरली.

४

सकाळी अजगराच्या पोटाचा मधला भाग टम्म फुगला होता.

"खाल्लं गो बाय!" प्रणिता आनंदानं ओरडली, आणि मडक्यामागून पिठ्या बाहेर आला. धडधाकट. मिशा साफ करत.

तिनं झाकण पाहिलं. चारी बाजूंच्या क्लिपा लावलेल्या. काचेला भेग नाही, जाळीला भोक नाही. अमोल आंघोळ करून आला, बघून म्हणाला, पाल गेली असेल आत. प्रणितानं मानेनं हो म्हटलं. पण घरातल्या पाली तिनं पाहिल्या होत्या. असा फुगवटा यायला पालींची जत्रा लागली असती. मग तिला वाटलं, अंडी असतील, नाहीतर इतक्या उपासानं वात धरला असेल. मनाची समजूत घालायची म्हटलं की कारणांना काय तोटा.

पेटीशेजारी एक वळकटी पसरलेली होती. उशीला डोक्याचा खळगा. अमोल कशाला इथं झोपला, असं पुटपुटत तिनं ती गुंडाळून माळ्यावर टाकली. मग तिनं रोजच्यासारखे दोन डबे भरले. अमोल एक घेऊन गेला. दुसरा ओट्यावर उरला, त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि आपलं डोकं ठिकाणावर नाही म्हणून स्वतःवरच चिडली. 

तुम्ही विचाराल, हर्षद कुठाय? तेच तर. त्या घरात ते कुणीही विचारलं नाही. मनस्वीनं नाही, सख्ख्या भावानं नाही, नऊ महिने पोटात वागवलेल्या आईनंही नाही.

५

पण बाईच्या नजरेतून घर सुटत नाही. पत्र्याच्या शेडखाली एक मोटारसायकल उभी होती. अमोल म्हणाला, कुणी मित्रानं लावली असेल. दोरीवर एक निळा शर्ट वाळत होता, तो अमोलला खांद्यात बसेना. आणि अजगर कुणी आणला, या साध्या प्रश्नाला घरात उत्तरच नव्हतं. होता आपला, असं अमोल म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या भुवया जरा जवळ आल्या, तेवढंच.

तिनं सासूला सहज विचारावं तसं विचारलं, "आई, तुम्हाला लेकरं किती?"

"एकलाच गो, अमोल," धोंडुबाई म्हणाली. म्हणताना तिनं हाताची बोटं वर केली होती. ती दोन होती. धोंडुबाईनंही आपल्या बोटांकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर रोह्याच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. प्रणितानं दुसऱ्या दिवशी एसटी पकडली. नागोठण्यामार्गे ती रोह्याला उतरली. दुकान मासे, पोपट, ससे असल्या जिवांचं. मालक पुंडलिक, गोल चेहऱ्याचा, बोलका. पेणच्या खाडीकडून आल्याचं सांगताच तो खुलला. तुमच्या घरचा एक जण यायचा की, म्हणाला. कसा दिसायचा ते सांगायला गेला आणि त्याचं बोलणं अडलं. उंच होता की ठेंगणा, चष्मा होता की नव्हता, काही केल्या त्याला आठवेना. एवढंच आठवत होतं की तो सारखा म्हणायचा, जिवंत उंदीर नेला तर वहिनी चिडतात.

वहिनी. अमोल एकुलता एक असेल तर या जगात तिला वहिनी म्हणणारा कोण? दुकानातल्या पोपटांचा कलकलाट अचानक लांब गेल्यासारखा झाला. ती स्टुलावर बसली.

फुगवट्याबद्दल तिनं सांगितलं तेव्हा पुंडलिकला आनंदच झाला. उपास मोडला म्हणायचा, तो म्हणाला. पोट उतरलं की परत मागेल. "फक्त एक सांगतो ताई. ही जात लई हट्टी. एकदा ज्याची चव लागली, तेच पायजे. मग दुसरं काय पण समोर टाका, तोंड लावायचं नाय."

६

ती घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. अमोल शिफ्टला, सासू कारखान्यात. मनस्वी शाळेतून येऊन मधल्या खोलीत फरशीवर चित्र काढत बसली होती.

अजगराचं पोट सपाट झालं होतं. इतके दिवस मडक्यात तोंड खुपसून पडणारं जनावर आता काचेला चिकटून उभं राहिलं होतं. मनस्वी लाल खडू घ्यायला डावीकडे वाकली की त्याचं डोकं डावीकडे. उजवीकडे सरकली की उजवीकडे. जीभ लवलवत होती. पिठ्या त्याच्या शेपटीवर चढून भाकरीचा तुकडा खात होता, त्याच्याकडे जनावराचं लक्षही नव्हतं.

प्रणिता आई होती. तिनं आधी पोरीला बखोटीला धरून उठवलं आणि अंगणात नेऊन बसवलं. शेजारच्या बायजाचं दार वाजवलं, तर कुलूप. अमोलला फोन लावला, तो कंपनीत शिरताना जमा करतात, वाजून वाजून बंद पडला. थांबायचं कुणासाठी? सासूचे शब्द तिला लख्ख आठवत होते. या घरात हाय त्यातलं. म्हणजे घराबाहेर त्याचा हक्क नाही. त्याला घराबाहेर काढायचं, बांधापलीकडे सोडायचं, आणि संपलं. अमोल हसला तर हसू दे.

तिनं तांदळाची रिकामी गोणपाटाची पिशवी आणली, झाकण काढलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या जनावराला हात घातला. गार, गुळगुळीत अंग. एका हातानं मानेमागे पकडलं, दुसऱ्यानं पोट उचललं. पण पिशवी काही उभी राहीना. तोंड मिटून खाली बसायची. पायानं धरून पाहिलं, भिंतीला टेकवून पाहिलं. जनावरानं तेवढ्यात तिच्या दंडाला विळखा घातला आणि आवळायला लागलं. बोटं बधिर होऊ लागली. सुटलं असतं तर ते कुठं, कोनाड्यात की माळ्यावर, कुणाला सापडणार होतं?

"आई, मी धरते," दारातून मनस्वी म्हणाली.

"नको. तिथंच थांब."

पोर आत आलीच. आईसारखीच, कुणाची अडचण बघवत नसे. तिनं दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड चांगलं रुंद उघडून धरलं. प्रणितानं जनावराचं डोकं घट्ट आवळलं होतं. डोकं माझ्या मुठीत आहे, आता काय होणार, असा तिनं विचार केला. तिनं डोकं पिशवीत खाली नेलं, आत दाबलं, आणि मूठ सोडली.

७

बांधावर वारा होता. खाडीला ओहोटी लागली होती, धरमतरच्या बाजूनं एक बार्ज माल भरून आल्यासारखी संथ चालली होती. प्रणिता पिशवी खांद्यावर घेऊन भराभर चालत होती. पिशवी जड होती. घरातून निघताना हे जनावर एवढं जड होतं का? चार पावलांवर तिला ती खाली ठेवून दम खावा लागत होता.

एक गोष्ट मघापासून तिच्या डोक्यात टोचत होती. पिशवी उभी राहत नव्हती. तिचे दोन्ही हात अजगरात गुंतले होते. मग पिशवीचं तोंड धरलं कुणी?

भरतीचं पाणी अडवणारी लाकडी उघाडी जिथं होती, तिथं ती थांबली आणि गाठ सोडली. अजगर सावकाश बाहेर आला. आधी डोकं, मग मान, मग पोट येता येता अडलं. फुगलं होतं. तिनं गोणपाट ओढून घेतलं आणि उतरत्या उन्हात तिला ते दिसलं. कातडं ताणून पातळ झालं होतं, आणि आत कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजावं तसं निजलं होतं. लहान होतं. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं कूस बदलली.

ती गुडघ्यांवर आपटली, दोन्ही हात पुढे केले आणि हाक मारायला तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. हाक कुणाला मारायची, तेच तिला आठवेना.

जनावर तिवरांच्या झाडीत शिरलं. चिखलावर त्याचा रुंद माग उरला, आणि तोही हळूहळू पाण्यानं भरला. प्रणिता उठली, गुडघे झटकले. बरं झालं, एक ब्याद गेली, असं तिला वाटलं. परत येताना तिला हलकं वाटत होतं. इतकं हलकं की वाटेत तिनं दोनदा वळून पाहिलं, काही विसरलं तर नाही ना म्हणून.

८

धोंडुबाई कारखान्यातून आली तेव्हा पेटी रिकामी होती. सोडून दिलं, असं प्रणितानं सांगितलं. म्हातारी म्हणाली, बेस केलंस, त्याचं पोट भरलं आसंल तर जाऊ दे सुखानं. फरशीवर रंगीत खडू पसरले होते. प्रणितानं ते केरात गोळा केले. एक चित्र होतं, घराचं, दारात माणसं. ती किती आहेत हे न बघता तिनं कागद चुलीत घातला.

संध्याकाळी ती पायरीवर बसली होती. गुडघे फाकवून, मधे एका माणसापुरती जागा ठेवून. मांडीवर फणी, दोन लाल रिबिनी, आणि तळहातावर खोबरेल तेल घेतलेलं. रस्त्यावरून शेजारपाजारची पोरं खेळून घरी जात होती. आया त्यांना नावानं हाका मारत होत्या, आणि प्रत्येक हाकेला प्रणिता मान वर करत होती.

धोंडुबाई दारात येऊन उभी राहिली. "कुनाचे केस इंचरायचे हायेत गो?"

"कुनाचे? नाय, अशीच बसलेय."

सासूही पायरीवर टेकली आणि त्या दोघी रस्त्याकडे बघत बसल्या. दिवेलागण झाली, अमोल येऊन हातपाय धुऊन जेवायला बसला, तरी प्रणिता उठेना. तळहातावरचं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, आणि का रडतेस असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा सांगायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.